जानेफळवाली

आमच्या वाचनालयात मी एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे आणि एवढ्या काळात गावानं माझ्याबद्दल एकच मत बनवलं आहे: बाई कामाची आहे, पण तापट. मत खरं आहे. बोटाला थुंकी लावून पानं उलटणाऱ्या माणसाला मी सोडत नाही, मग तो आमच्या संचालक मंडळातला का असेना. पण वरच्या मजल्यावरच्या चार कपाटांपुढे उभी राहिले की मी म्हणे गुणगुणते. हे मला आमच्याकडे झाडझूड करायला येणाऱ्या वहिनींनी सांगितलं. मला स्वतःला कधी ऐकू आलेलं नाही.

ती कपाटं आमच्या भागाच्या इतिहासाची. इतिहास म्हटला की लोक तलवारी आणि सनदा शोधत येतात आणि हिरमुसले होऊन जातात. आमच्याकडे आहेत शाळांच्या जुन्या रजिस्टरांच्या नकला, यात्रांची हस्तपत्रकं, कोतवालांच्या जन्म-मृत्यूच्या वह्यांच्या झेरॉक्स, आणि लग्नपत्रिका. पोती भरून लग्नपत्रिका. मंडळातल्या एका गृहस्थांनी त्या रद्दीत घालायचं सुचवलं तेव्हा मी त्यांच्याच आजोबांच्या लग्नाची पत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तीनदा वाचली, खिशात घालायला निघाले, मी परत मागितली. त्यानंतर विषय निघाला नाही. पत्रिकेसारखा कागद नाही हो. खाली विनंती करणाऱ्यांची रांग असते, त्यात कोण काका, कोण मामा, कोणत्या गावचा, कोण रुसला म्हणून गाळला, सगळं कळतं.

चौथं कपाट वंशावळींचं. वंशावळ द्यायला येणारा माणूस बहुधा पुरुष असतो, बहुधा निवृत्त, आणि भलताच खूश. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी फांद्याफांद्यांनी नावं काढून आणलेली असतात. मी विचारते, मुली कुठे आहेत? तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याला म्हशी कुठे आहेत असं विचारलं. म्हणतो, मुली काऊन लिहा लागते, त्या तर दुसऱ्याच्या घरी गेल्या. इथं माझं डोकं फिरतं. म्हणून मी एक फॉर्मच छापून घेतला. पहिल्या पानावर त्यांची फांद्यांची हौस, दुसऱ्या पानावर मथळा: ‘लेकी कोठे दिल्या’. दुसरं पान कोरं असेल तर पहिलं घेत नाही. कितीतरी जण माझ्याशी भांडून परत गेले आणि आठ दिवसांनी बहिणींना फोन लावून, पान भरून घेऊन आले. त्यातले काही तर म्हणाले की या निमित्तानं कितीतरी वर्षांनी बहिणीशी बोललो.

एका जानेवारीत, दुपारी, जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला आणि मागोमाग एक मावशी वर आल्या. पंचाहत्तरीच्या असतील. मुलाचं गावात हार्डवेअरचं दुकान, नवरा वारल्यावर त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. पिशवीतून त्यांनी आधी तुरीच्या उकडलेल्या शेंगा काढल्या, माझ्या टेबलावर ठेवल्या, आणि मग पणतूचा जन्माचा दाखला काढला. वाचनालयात खाणं मना आहे अशी पाटी माझ्या डोक्यावर होती. मी एक शेंग घेतली.

दाखल्यावर आता नव्या पद्धतीनं पोराचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव होतं. मावशींनी त्या आईच्या नावावर बोट ठेवलं.

“ताई, आता लेकराच्या नावात मायचं नाव लावतेत. लय चांगलं झालं. पन माह्या मायचं नाव मलेच माहीत नाही.”

हे त्यांनी हसत सांगितलं, पण बोट तिथून उचललं नाही.

मग सगळी हकिगत सांगितली. जन्म मलकापूरजवळच्या एका खेड्यातला. त्या तीन वर्षांच्या असताना आई तापानं गेली. वर्षभरात दुसरी आई आली, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला म्हणून मलकापुरात राहायला गेले, आणि पहिलीचा विषय घरात बंद झाला. वडील तर बायकोचं नाव तोंडातून काढणाऱ्यांतले नव्हतेच. आजोळचं कुणी पुन्हा आलं नाही, किंवा आलं असेल तर पत्ता सापडला नसेल. मावशींच्या स्वतःच्या लग्नात मामा म्हणून शेजारचा माणूस मागे उभा केला होता. आईबद्दल त्यांच्याकडे एकच शब्द शिल्लक होता. खेड्यातल्या घरात सगळे तिला ‘जानेफळवाली’ म्हणत.

आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात हे सांगायला नको. अमडापूरवाली चहा ठेव, मलकापूरवाली पोळ्या कर. अर्ध्या वऱ्हाडातल्या बायकांची खरी नावं मतदार यादीतच काय ती सापडतात. मी मात्र हा शब्द ऐकून मनात टाळ्या वाजवल्या. जानेफळ म्हणजे घाटावरचं, मेहकर तालुक्यातलं, आणि जानेफळच्या पत्रिकांचा माझ्याकडे भरगच्च खण होता. मी मावशींना म्हणाले, पंधरा दिवसांत तुमच्या आईचं नाव काढून देते. माझा हा स्वभाव मला कधीतरी नडणार हे सासूबाई सांगून गेल्या होत्या.

पहिल्याच आठवड्यात मावशींच्या जन्मगावच्या कोतवालाच्या वहीत आईच्या मृत्यूची नोंद सापडली. मावशींनी चष्मा पुसला. रोग: ताप. वय होतं. नवऱ्याचं नाव होतं, बापासकट. आणि मृताच्या नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘यांची औरत’. मी त्या कधीच गेलेल्या कोतवालाला दहा मिनिटं बोलले. मावशीच मला पाणी आणून देत म्हणाल्या की जाऊ द्या ताई, त्याले तरी घरात कोनी सांगतलं असंन का.

मग जानेफळ. खण उपसला. घाटाखाली, म्हणजे मलकापूर-नांदुऱ्याकडे, लेकी दिलेली जानेफळची घरं निवडली, शाळेच्या रजिस्टरातली आडनावं जुळवली, सहा घरं निघाली. एका रविवारी मी आणि मावशी एसटीनं तिथं गेलो. सहा घरी सहा चहा झाले. चौथ्या घरात तर कमालच झाली. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी मावशींना पाहताच गळ्यात पडून हंबरडा फोडला, आमचीच लेक म्हणाल्या, नाक बघा, आमच्या घराण्याचंच नाक. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, ताटावर ताटं आली. मावशीही विरघळल्या. मीही. जेवण झाल्यावर मी सवयीनं कागद काढला तर त्यांची घाटाखाली दिलेली लेक मावशींच्या जन्मानंतर वीस वर्षांनी जन्मलेली. मी तसं सांगितलं. बाई ताटं उचलता उचलता म्हणाल्या, नसली आमची तं काय झालं, जेवली ना. निघताना त्यांनी, विधवेची भरत नाहीत हे न मानता, मावशींची ओटीही भरली.

परतीच्या एसटीत मावशी नारळ मांडीवर धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, “नाक तं खरंच सारखं होतं.” मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. जानेफळचा खण मी तळापर्यंत तीनदा पाहिला. मावशी मात्र रोज यायला लागल्या. काम नसेल तर बसवत नाही म्हणाल्या, म्हणून मी त्यांना पत्रिका गावावार लावायला दिल्या. त्या एकेक पत्रिका अक्षर जुळवत मोठ्यानं वाचत, छोट्या मुलांच्या नावानं छापलेली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ आली की पोरासारखा आवाज काढत. खाली वर्तमानपत्रं वाचणारे तक्रार करायला वर आले आणि ऐकत बसले. इतकी हसतमुख बाई मी पाहिली नव्हती. तरी संध्याकाळी जिना उतरताना त्या रोज विचारायच्या, काही लागलं का हाती? मी मान हलवायची. त्या म्हणायच्या, सापडन. तो शब्द ऐकला की माझा जीव कासावीस व्हायचा, कारण मला आता खरोखर वाटू लागलं होतं की सापडणार नाही, आणि हे त्यांना सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

मार्च उजाडला. एक दिवस वहिनी फरशी पुसत होत्या. त्यांच्या सासरचं कुणीतरी खालून हाका मारत होतं, ‘मलकापूरवाली, ओ मलकापूरवाली’. वहिनी ओ देऊन खिडकीशी गेल्या, काय ते बोलल्या आणि परत पोछा हातात घेतला. मी सहज म्हणाले की वहिनी, तुमचं माहेर मलकापूर? मला तर वाटत होतं अमडापूरकडचं आहे.

“अमडापूरच हाय मॅडम. मलकापूर तं मी पाह्यलंबी नाही नीट.”

मग ही मलकापूरवाली कोण? वहिनी पोछा पिळता पिळता सांगू लागल्या. त्यांची मोठी जाऊ आधीच अमडापूरची होती, तिला सगळे अमडापूरवाली म्हणत. एका घरात दोन अमडापूरवाल्या कशा चालतील, एकीला हाक मारली तर दोघी उठतील. म्हणून सासूनं धाकटीला तिच्या मामाच्या गावावरून मलकापूरवाली करून टाकलं. असं तर घरोघरी असते मॅडम, तुमाले नाही माहीत?

मला नव्हतं माहीत. माझ्या सासरी मी एकटीच सून. एकोणीस वर्षं वंशावळी हाताळून मी लोकांना शिकवत होते, आणि ही गोष्ट माझ्याच खोलीची फरशी पुसणाऱ्या बाईला रोज हाकेत ऐकू येत होती. मला हसूही येत होतं आणि कानही तापले होते.

मावशी पत्रिकांच्या ढिगाऱ्यात बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, तुमच्या आईला मोठी जाऊ होती का?

होती की, त्या म्हणाल्या. मोठीमाय. मी सात-आठ वर्षांची असताना गेली.

तिला काय म्हणत घरात?

मावशींनी हातातली पत्रिका खाली ठेवली. “तिले तं अमडापूरवाली म्हनत.”

 पहिल्या हलल्या त्या वहिनी. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि वंशावळींच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलाच्या खणातून स्वतःच काढून आणली.

अमडापूरचा खण लहान. अकरा-बारा फॉर्म असतील. मी प्रत्येकाचं दुसरं पान तेवढं पाहत गेले. सातव्या फॉर्मवर अक्षर माझंच होतं. मला तो माणूस लख्ख आठवला. अमडापूरचे एक निवृत्त गुरुजी, मुलींच्या पानावरून माझ्याशी तासभर वाद घातला आणि शेवटी वैतागून म्हणाले की तुम्हीच लिहा, मी सांगतो. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. एका ओळीत त्यांच्या दोन आत्यांची नोंद होती, एक चुलत, एक सख्खी, दोघी घाटाखाली एकाच घरात दिलेल्या. गावाचं नाव मावशींच्या जन्मगावाचं. मोठीचं नाव होतं. धाकटीचं गुरुजींना आठवलं नव्हतं, वडिलांना विचारून कळवतो म्हणाले होते. त्यांनी कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही. नावाच्या जागी मी रेघ मारून ठेवली होती. पुढे लिहिलं होतं: ‘लवकर वारली. एक मुलगी होती. पुढे तपास नाही.’

दुसऱ्यांची पानं कोरी राहिली म्हणून भांडणारी मी, आणि ही रेघ माझ्याच हातची.

फॉर्म मी मावशींच्या हातात दिला.  त्यांनी ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत वाचलं. शेवटच्या तीन शब्दांशी आल्यावर थांबल्या, पुन्हा मागे जाऊन ‘एक मुलगी होती’ वाचलं. मग त्यांचा चेहरा असा काही फुलला की वहिनी रडायला लागल्या.

“पाहा ना ताई. मी हाय इथं. लिहून ठेवेल हाय मले.”

फॉर्मवर गुरुजींचा नंबर होता. मी लावला. गुरुजींनी माझा आवाज ओळखून आधी विचारलं की आता कोणती मुलगी राहिली. मी सांगितलं.  मग ते म्हणाले की वडील आहेत, नव्वदीच्या पुढचे आहेत, ऐकू कमी येतं, पण आहेत. उद्याच या.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दारावर मी ‘आज बंद’ अशी पाटी लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वहिनी म्हणाल्या की माझ्याच माहेरी जाऊन राह्यले आणि मलेच सोडून जाता काय, म्हणून त्याही आल्या. मावशींनी मोतिया रंगाचं नवं लुगडं नेसलं होतं. एसटीत त्या पदराचा काठ सरळ करत बसल्या. अमडापूरच्या थांब्यावर उतरल्यावर मात्र माझा हात धरला आणि म्हणाल्या की हेबी जानेफळासारखं निघालं तं? मी म्हणाले, नाही निघणार. माझा तो नडणारा स्वभाव पुन्हा वर आला होता.

गुरुजींचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर म्हातारबुवा बसले होते, धोतर, डोक्याला पांढरा रुमाल. गुरुजींनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं की घाटाखालच्या आत्याची मुलगी आली आहे. कोन्या आत्याची, म्हातारबुवांनी विचारलं. गुरुजी सांगणार तेवढ्यात त्यांनी हातानंच त्यांना थांबवलं. ते मावशींकडे बघत होते. नाकाबिकाचं काही बोलले नाहीत. काठी टेकून उठले, दोन पावलं पुढे आले आणि कमरेत वाकून मावशींच्या पायाला हात लावू लागले. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, ती कितीही लहान असो. मावशी झटक्यात मागे सरकल्या. त्यांच्या सबंध आयुष्यात हे कुणी केलं नव्हतं, आणि आता करणारा नव्वदीचा होता. पण म्हातारबुवांनी ऐकलं नाही. पायाला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि घराकडे तोंड करून, बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात हाक दिली की बाहेर या साऱ्याजनी, अमकीची पोर आली.

अमकी मी म्हणतेय. त्यांनी नाव घेतलं. मावशींना ते कुणी सांगितलं नाही, उत्तर म्हणून दिलं नाही. अंगणात उभ्या उभ्या त्यांना ते हाकेतून ऐकू आलं, आणि त्याला जोडूनच त्या कोण ते. मी ते नाव इथं लिहिणार नाही. अमडापूरच्या खणात, सातव्या फॉर्मच्या दुसऱ्या पानावर, माझ्या रेघेच्या जागी ते आता आहे. ज्याला वाचायचं असेल त्यानं यावं, आणि बोट कोरडं ठेवावं.

मावशी रडल्या का? रडल्या. आम्ही सगळ्याच. पण फार वेळ नाही, कारण घरातून सुना, नातसुना, शेजारणी अशा बाहेर यायला लागल्या की रडायला जागाच उरली नाही. जानेफळचं काय, हे मी मामांच्या कानाशी ओरडून विचारलं. ते खुदकन हसले. जानेफळ त्यांच्या आईचं माहेर. सासरी दुसरी अमडापूरवाली नको म्हणून मावशींच्या आईला तिच्या मामाच्या गावाचं नाव मिळालं होतं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

मामांना सगळं आठवत होतं. बहीण विहिरीवर कशी पोहायची, लग्नात त्यांनी वाजंत्रीवाल्याची पिपाणी कशी लपवली, ती गेल्याचा निरोप चार दिवसांनी कसा आला. ते दोनदा घाटाखाली गेले होते भाचीला बघायला. दुसऱ्यांदा घराला कुलूप होतं, थोरल्या जावेसकट सगळं घरच मलकापूरला गेलेलं. मलकापूरला कुठे शोधायचं ते कळलं नाही. हे सांगताना मात्र ते खाली मान घालून बसले. मावशींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि आता झालं ते झालं म्हणाल्या.

साडेचारची एसटी होती. मी चला म्हणाले. मावशींची पिशवी शोधली तर ती अंगणात नव्हती, नातसुनेनं कधीच आत नेऊन ठेवली होती. मावशी मला म्हणाल्या की तुमी दोघी जा, मी आठ दिवस राहून येतो, घरी पोराले सांगजा.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. पत्रिकांचा ढीग तसाच पडला होता आणि वरचा मजला मला शांत शांत वाटू लागला होता. मग एप्रिलात हार्डवेअरवाला मुलगा स्वतःच वाचनालयात आला, जरा घुश्शातच. आईला आणायला गाडी घेऊन अमडापूरला दोनदा गेलो, दोनदा रिकामा परत आलो म्हणाला. मी विचारलं, का बरं, तब्येत बरी नाही का?

“तब्येत चांगली हाय मॅडम. म्हनते, मामा सोडत नाही.”